शिलाईच्या डब्यातली टेप
नातींनो, कूलरला नवा वाळा लावला की त्याच्या ओल्या वासाबरोबर मला प्रतापनगरच्या घरातली एक दुपार आठवते. तेव्हा आमच्या वरच्या खोलीत उमरेडची एक मुलगी भाड्याने राहायची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, पण लहानपणापासून वर्दीचं वेड, म्हणून शिकता शिकताच फौजेच्या अधिकारी-भरतीचा अर्ज भरत होती. त्यासाठी उंची निदान एकशे बावन्न सेंटिमीटर हवी होती. मी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि शिलाईच्या डब्यातल्या टेपने मोजलं. एकशे एक्कावन्नच भरली. "जाऊ द्या आजी, मले नाही जमत ते," म्हणून तिने अर्ज वहीत सारून दिला. मला मात्र चैन पडेना. तुमच्या आईने फोनवर कळवलेल्या मापाने शिवलेले तुमचे फ्रॉकही नेहमी सैलच का होतात, हे एकदम मनात आलं. मी टेप फूटपट्टीवर ठेवून पाहिली. इतक्या वर्षांच्या ओढाताणीने ती चक्क लांबली होती! तिचा एकेक सेंटिमीटर मोठा झालेला, म्हणून उंची कमी भरायची आणि फ्रॉकचं कापड जास्त कापलं जायचं. शेजाऱ्यांची लोखंडी टेप आणून पुन्हा मोजलं, तर मुलगी एकशे बावन्नच्याही किंचित वर. "काहून आजी, मले उगाच बुटकी करून राहिल्या होत्या?" असं म्हणत तिने अर्ज काढला, उंचीचा आकडा लिहिला आणि विचारलं, "आता वजनाचा काटा किती जुना आहे तुमचा?" आज ती फौजेत अधिकारी आहे, आणि मी घरातलं एकेक माप अजून तपासून पाहते आहे.