मैदान आप्पांचं, नियमही आप्पांचाच

“बघू म्हंजी कधी?”

केजमध्ये त्या काळात राहिलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य आप्पांचं म्हणून तो लगेच ओळखेल. तहसिलीच्या रस्त्याला त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. एखादं गिऱ्हाईक “बघू आप्पा, नेतो” म्हणालं की आप्पा चहाचा कप हातात घेऊन त्याच्यामागं रस्त्यावर यायचे. “बघू म्हंजी कधी? सोमवारी का मंगळवारी?” गिऱ्हाईक घाईनं जीपमध्ये चढायचं. जीप भरायला अर्धा तास लागायचा आणि आप्पा खिडकीशी उभेच.

आमचा फुटबॉल क्लब हा आप्पांचा दुसरा संसार. मी शाळेत मास्तर होतो आणि क्लबात मागच्या फळीत खेळायचो. आम्ही दरसाल जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव घालायचो. मैदान धान्याच्या मोंढ्यामागं, काळ्या मातीचं. उन्हाळ्यात बोटं जातील एवढ्या भेगा, आणि दगड कितीही वेचले तरी पावसानंतर नवे वर यायचे.

अशाच एका दगडावर माझा गुडघा गेला. आप्पांनी मला जीपमध्ये आडवं घालून अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. वाटेत ते माझ्यावरच ओरडत होते. “कावून पडलास बे तितं?” मी म्हणालो, “आप्पा, मी ठरवून पडलो का?” दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्या येरझाऱ्या चालूच होत्या. शेवटी नर्स म्हणाली, “आजोबा, एका जागी थांबा.” डॉक्टरांनी खेळणं बंद सांगितलं तेव्हा आप्पांनी खिडकीकडं तोंड केलं. “मास्तर, हे मैदान मी नीट करनार,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोटार कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीवर बेत तयार होता. पहिल्या साली सपाटीकरण, दुसऱ्या साली डोंगराकडची तांबडी माती, तिसऱ्या साली बोअर आणि गवत. तेव्हा गावात नुकताच केबल टीव्ही आला होता. परदेशातली हिरवीगार मैदानं बघून पोरांचं आपल्या मैदानावर मन लागेना. आप्पांनाही तीन वर्षं धीर धरवेना. “समदं एकाच सालात करू,” ते म्हणाले.

पण मध्ये नियम आला. तो आप्पांनीच आणला होता, हे सांगायलाच हवं.

दुसऱ्या तालुक्यातला एक बागायतदार पुढारी आपल्या क्लबासाठी बाहेरगावचे खेळाडू पैसे देऊन आणायचा. लहान क्लब वैतागले. जिल्हा संघटनेच्या बैठकीत आप्पा सगळ्यांत मोठ्यानं बोलले आणि नियम झाला: मागच्या हंगामात वर्गणीतून, तिकिटांतून, बक्षिसांतून क्लबनं स्वतः जेवढं मिळवलं, तेवढंच यंदा खर्चायचं. बाहेरून कुणीही पैसा ओतायचा नाही.

पुढाऱ्यानं खेळाडूंना आपल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावलं. पगार जिनिंगचा, खेळ क्लबचा. त्याचं काहीच अडलं नाही. अडलं आमचं. आमच्या क्लबाच्या मिळकतीत बोअर सोडा, दोन ट्रॅक्टर मातीही बसत नव्हती.

आप्पा मला घेऊन बीडला गेले. संघटनेचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते, भला माणूस.

“सर, खेळाडू इकत आनायचं आन् जिमीन सपाट करायचं, हे एकच कसं?”

“एक नाही. पण आज तुमची माती सोडली, तर उद्या तिकडचे लोक मातीच्या नावाखाली काय काय आणतील?”

“मंग पाइप तर माज्या दुकानातले हायेत! फुकट देतो.”

“फुकट दिलेलंही बाहेरूनच आलं. आप्पा, नियम तुम्हीच मागितला होता.”

परतीच्या एस.टी.त ते दर दहा मिनिटांनी जागा बदलत होते.

क्लबातल्या पोरांनी सोपी वाट काढली. रशीद आमचा गोल करणारा गडी. तो म्हणाला, “आप्पा, रातोरात माती टाकू. कोन बघतंय?”

“न्हाई. नियम मी मागितलाय बे. मीच चोरून मोडू?”

आणि त्यांनी क्लबचं नाव त्या हंगामापुरतं स्पर्धेतून काढून घेतलं. स्पर्धेत नसलेल्या क्लबाला नियम लागत नव्हता.

मी लई भांडलो. “मैदान होईल आप्पा, पण खेळायला कोण उरेल?” झालंही तसंच. निम्मी टीम पांगली. रशीद पुढाऱ्याच्या जिनिंगमध्ये लागला. जाताना दुकानात आला, तर आप्पा त्याच्याकडं न बघता पाइप मोजत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, “घरी तीन भैनी हायेत त्याला. जाऊ दे.” मोजलेले पाइप त्यांनी परत पहिल्यापासून मोजले.

ते वर्ष आम्ही सगळे अस्वस्थ होतो. पहिला बोअर कोरडा गेला. दुसऱ्याला जेमतेम पाणी लागलं. गवत म्हणून आप्पांनी हरळी लावायची ठरवली. रानातून हरळी काढता काढता ज्यांची कंबर मोडली होती, ते शेतकरी बैलगाड्या भरून ती आणून देत आणि पोट धरून हसत. “आप्पा, हिला लावावं लागत न्हाई, ती मरत न्हाई!” आप्पांच्या मैदानावर मात्र ती मरायची. भर दुपारी डोक्याला टॉवेल बांधून आप्पा नळी घेऊन फिरायचे आणि वाळलेल्या काडीला दम द्यायचे.

पुढच्या हंगामात आम्ही परत नाव घातलं. पहिला सामना घरच्या मैदानावर, समोर पुढाऱ्याचा क्लब. त्याच दिवशी बीडला संघटनेची बैठक निघाली. गवताला पाणी दरसाल लागणार होतं आणि तो खर्च नियमात बसत नव्हता. मैदानाचा खर्च हिशेबातून वगळा, हे मांडायला आप्पा सकाळच्या गाडीनं गेले. ती सवलत अखेर मिळाली, पण आप्पा वारल्यावर दोन वर्षांनी.

सामना आम्ही हरलो. संध्याकाळी मी स्टँडवर गेलो. आप्पा गाडीतून उतरले, चेहरा उतरलेला. बैठकीचं मी विचारलं नाही, सामन्याचं त्यांनीही नाही.

“कुनी पडलं का?” ते म्हणाले.

“रशीद पडला. पळता पळता तोंडावर गेला.”

आप्पांनी माझा दंड धरला. “मंग?”

“काही नाही. साधं खरचटलंही नाही. गवतावरनं हात फिरवला, आणि पुढच्या मिनिटाला आपल्यावर गोल केला.”

“कुटं पडला? दाखीव.”

घरी न जाता आम्ही मैदानावर गेलो. मी लंगडत पुढं, आप्पा मागं. जागा दाखवली. तिथली हरळी थोडी चेपली होती. आप्पांनी कडेला चपला काढल्या, अनवाणी आत गेले, आणि उकिडवे बसून ती चेपलेली हरळी बोटांनी एकेक उभी करू लागले.