बटाट्यापासून पिशवी

काका हातात पिशवी आली की आधी तिचा कोपरा चावून बघायचे. मग डोळे मिटून म्हणायचे, "व्हिनेगर जास्त झालंय." जसं काही कैरीचं लोणचंच चाखत होते.

डोंबिवलीत आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. गेल्या दिवाळीनंतर काका गेले. असा एखादा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल; लोक त्याला चक्रम म्हणतात आणि गिझर बिघडला की त्यालाच बोलावतात.

काकांनी अख्खी नोकरी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात केलेली. रिटायर झाल्यावर ते तुंबलेल्या नाल्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही सगळी माझी पोरं. एकही अजून मेलेलं नाही." म्हणून त्यांना मरणारी पिशवी करायची होती. बटाट्याची.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. केमिस्ट्री घेतली म्हणून काका मला सायंटिस्ट म्हणायचे. मला फार लाज वाटायची, कारण तेव्हा मला ब्युरेटसुद्धा नीट धरता येत नव्हती.

"सायंटिस्ट, ये. बटाटे किस."

कीस पाण्यात कालवून गाळायचा आणि तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व घ्यायचं. त्यात पाणी, व्हिनेगर आणि मेडिकलमधलं ग्लिसरीन घालून ते काकूंच्या पातेल्यात आटवायचं, मग ताटात पसरून गच्चीत वाळवायचं. मी मोजून घालायला गेले की काका बाटलीच उपडी करायचे. "मोजतेस काय? औषध आहे का?" ग्लिसरीन जास्त झालं की पिशवी बोटांना चिकटायची. कमी पडलं की काचेसारखी तडकायची.

पहिला बरा तुकडा जमला तो नेमका पापडांच्या दिवसांत. गच्चीत साबुदाण्याचे पापड वाळत होते आणि शेजारी आमचं ताट. काकूंनी संध्याकाळी सगळंच गोळा केलं आणि रविवारी व्याह्यांना तळून वाढलं. मी वाढायला मदत करत होते. काकांनी पहिल्याच घासाला ओळखलं.

"हा माझा आहे."

"छान झालाय हो," व्याही म्हणाले, "जरा चिवट आहे."

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाले.

पाहुणे गेल्यावर काकूंनी पातेलं ओट्यावर आपटलं. "एकच संधी देते. अर्धा किलो भाजी तुमच्या पिशवीतून घरात आली पाहिजे. नाही आली तर हे खूळ बंद. माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

काकांचा चेहरा उतरला. दुसरं स्वयंपाकघर ते कुठून आणणार? त्या वेळी मात्र त्यांनी मला सगळं मोजू दिलं. कडा आम्ही खळ लावून चिकटवल्या.

बाजारात भाजीवाल्या मावशींनी सवयीने वांग्यांवर पाण्याचा हबका मारला. काका ओरडलेच. "मावशी, पाणी नको! विरघळेल!"

"काय, वांगं?"

"पिशवी! मला कोरडी द्या."

"काका, भाजी नेताय की पापड?"

शेवटी काकांनी एकेक वांगं आपल्या शर्टाला पुसून पिशवीत भरलं. मग पिशवीखाली हात धरून, तान्हं मूल नेतात तसे निघाले. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, बसणार?"

"नको. हिला गचके सोसत नाहीत."

काकू दारातच उभ्या होत्या.

"खालचा हात काढा."

"काढतो," काका म्हणाले आणि काढला नाही.

"अहो, काढा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगायचं होतं की ग्लिसरीन बरोबर मोजलंय; मी नुसती मान डोलावली. त्यांनी हात काढला.

पिशवी लांबली. आणखी लांबली. तळ पातळ होऊन वांग्यांचे देठ बाहेर डोकवायला लागले. उंबरा अजून एक पाऊल पुढे होता आणि काकांना ते टाकायचा धीर होईना.

काकू पुढे आल्या. त्यांनी पदर ओंजळीत घेऊन पिशवीखाली धरला आणि दोघंही तशीच, खेकड्यासारखी तिरकी तिरकी, घरात शिरली.

"आली की नाही पिशवी घरात?" काकूंनी मला दरडावून विचारलं.

"आली," मी म्हटलं.