घराचं तोंड

रोज सकाळी चहाच्या आधी जानकीकाकी न्हाणीच्या छपराकडे जायच्या. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला गुंडाळलेलं ओलं फडकं. छपरावर एक छोटं सोलर पॅनेल होतं, शाळेच्या पाटीएवढं. रात्रभरात समुद्राचं खारं त्याच्यावर येऊन बसायचं आणि काचेवर धुरकट साय धरायची. वर फणसाचं एखादं पिवळं पान. काकी आधी पान ढकलत, मग फडकं फिरवत, मग काठी उलटी करून दुसऱ्या टोकाच्या कोरड्या फडक्याने काच पुसत. ती चकचकली की मागच्या दारावर लावलेल्या कॅमेऱ्याकडे मान वर करून म्हणत, "विनू, उजाडला."

विनू म्हणजे विनीत, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कल्याणला असायचा. कधी दाढी करता करता तो हे ऐकायचा, कधी ऑफिसातून आल्यावर, दिवस मावळल्यानंतर. त्याला उजाडलं हे काकींकडून कळण्याची गरज नव्हती. काकी उठल्या आहेत, एवढंच त्यात कळायचं.

तो कॅमेरा आधी मागच्या दारावर नव्हता.

आमची वाडी मालवणहून आचऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला, माडांत. त्या वर्षी वाडीतली दोन बंद घरं फुटली. घरवाले मुंबईला, घराला कुलूप, आणि आतली तांब्याची भांडी, समया, जुनं घंगाळ, सगळं गेलं. जानकीकाकींचं घर बंद नव्हतं, पण त्यात माणूस एकच. नवरा सत्यवान रेडीच्या बंदरावर बार्जवर कामाला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. विनीतने फोन केला आणि सरळच सांगितलं, "आये, घर बंद करूया. तू आमच्याकडे ये."

"घरात माणूस असताना घर बंद कित्याक करूचा?" काकी म्हणाल्या. "राखण व्हयी ना? मगे राखणेचा बघ."

असा कॅमेऱ्याचा विषय निघाला. मालवणात मोबाईलचं दुकान चालवणारा प्रीतम खोकं घेऊन आला. कॅमेरा बिनतारेचा. आत बॅटरी, ती सोलरवर भरायची. आत सिमकार्ड, त्यामुळे वायफाय नको. समोर काही हललं की विनीतच्या फोनवर घंटी वाजणार. तिकडून तो बोलला की इकडे भिंतीतून आवाज येणार. प्रीतमने घराभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काकी, माणसा येतत खंयसून?"

"पुढल्या दारान. आणि खंयसून येतली?"

"मी तर आता मागल्या दारान इलंय."

"तू घरचो. चोर काय घरचो आसा?"

प्रीतम हसला. तरी त्याने एकदा मागच्या बाजूला बघितलं. तिथे धुण्याचा दगड, मासे साफ करायचा दुसरा दगड, राखेचा ढीग, जळणाची फाटीफुटी, दोरीवर वाळणारी जुनी लुगडी. काकींनी त्याची नजर ओळखली. "घराचा तोंड पुढे आसा. पाठ कित्याक दाखवूची? सून बघतली थंय बसान."

कॅमेरा पुढे लागला. पॅनेल पुढच्या कौलांवर, भरउन्हात. चौकटीत पुढचं अंगण, सारवलेलं खळं, मधोमध तुळस, पलीकडे कुंपणातून आत यायचं बेडं. काकींनी आदल्या दिवशीच तुळशीला चुना लावून घेतला होता. संध्याकाळी दिवा लावायला त्या पुढे जात तेव्हा आधी आत जाऊन लुगडं बदलत. अपेक्षा, त्यांच्या शेजारची पुतणसून, एकदा म्हणाली, "काकी, लग्नाक चललंस?"

"गप गो. कल्याणात दिसता."

कल्याणात दिसत होती ती कोंबडी. मग कावळा, मग कुत्रा, मग माडाच्या झापाची सावली. विनीतचा फोन दिवसभर वाजायचा आणि त्यात आई फक्त तिन्हीसांजेला, नीटनेटकी, दिव्याचा हात पुढे धरून.

"आये, तू दिवसभर आसतंस खंय? कोंबडी दिसता, कावळो दिसता. तू दिसणस नाय."

"मी काय कोंबडी आसंय, खळ्यात फिराक?"

हे असं चैत्रभर चाललं. विनीतला त्या एका दिव्याची सवय झाली. दिवा लागला की तो फोन खिशात ठेवायचा.

वैशाखात एका संध्याकाळी दिवा लागला नाही.

त्याने फोन लावला. काकींचा फोन ओटीवरच्या चार्जिंगच्या बोर्डाला लटकलेला, काकी मागच्या बाजूला. फोन वाजून वाजून थांबला. दुसऱ्या संध्याकाळीही तुळस अंधारात. चौकटीत दिवसभर कोणी आलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं. त्याने अपेक्षाला फोन केला. तिने एका हाताने गऱ्याची आठळी काढत फोन घेतला आणि म्हणाली, "काकी बरी आसा रे. काळजी करू नको. फणस पिकलेत. तू येऊन जा एकदा."

फणसांचं वाक्य त्याच्या कानात शिरलंच नाही. जे शिरलं ते पुढचं. आमच्याकडे मुंबईच्या माणसाला कोणी गेल्याचं कधी फोनवर सांगत नाहीत. सांगतात, बरं आहे, काळजी करू नको, येऊन जा एकदा. माणूस सगळ्या वाटेभर मनाची तयारी करत येतो आणि बेड्यात जमलेली माणसं बघतो. विनीत आपल्या बापाच्या वेळी असाच आला होता. त्याने बायकोला, स्वप्नाला, काहीच सांगितलं नाही. देवापुढे दिवा लावला आणि गाडी काढली.

सकाळी तो बेड्याशी उतरला तेव्हा बेड्यात कोणी नव्हतं. खळं कोरडं. पुढचं दार आतून बंद. त्याने दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी मारली.

"आये! आये गो!"

घराच्या मागून आवाज आला, "कोण रे तो पुढे बोंबलता? मागल्या दारान ये!"

तो घराला वळसा घालून धावत गेला. जानकीकाकी पाटावर बसलेल्या, हातांना कोपरापर्यंत खोबरेल, पुढ्यात फणस चिरून ठेवलेला. शेजारी अपेक्षा. विनीतला बघताच काकींच्या हातातला गरा खाली पडला.

"विनू? तू कसो इलंस? कोण गेला रे?"

विनीत धुण्याच्या दगडावर बसला. मग म्हणाला, "दिवो कित्याक नाय लायलंस?"

"जल्माचा सोयर आसा मेल्या! आपल्या भावकीतल्या तळेऱ्याच्या चंदनाक चेडू झाला. अख्ख्या वाडीत दिवो नाय. तुका चंदनान कळवल्यान नाय?"

"माका कोणी कळवला नाय. मी थंय देवासमोर दिवो लावन इलंय."

"सोयरात?" अपेक्षाने तोंडाला पदर लावला. काकी हसायला लागल्या. खोबरेलाचे हात वर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. विनीत हसला नाही. त्याचा चेहरा बघून त्या थांबल्या.

"आये, माका ह्यां जमाचा नाय," तो हळू म्हणाला. "तिकडे बसान मी काय बघू? काळोख? घर बंद करूया. आजच बांध सामान. तू माझ्याबरोबर चल."

अपेक्षा उठून चहा टाकायला गेली. काकींनी हात राखेने चोळले, धुतले, गऱ्यांची पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"चलतंय म्हटलं तर आज काय आणि उद्या काय. आधी खा. आणि हंयसरच बस. आत जाव नको."

तो तिथेच बसला. थोड्या वेळाने कोळीण आली, टोपली उतरवून दगडावर टेकली. "विनू, कधी इलंस? कोण गेला?" मग शेजारचे भाई आले, विहिरीवरची कळशी मागायला. "विनीत? काय रे, कोण गेला?" मागच्या पाणंदीने जाणारी बाई थांबली, दगडावर बसलेला विनीत बघून चपापली, तिनेही तेच विचारलं. चौथ्या वेळी विनीतनेच आधी सांगितलं, "कोणी नाय गेला, मीच मराक टेकलंय," आणि तेव्हा तो पहिल्यांदा हसला. कोणी कोकमं ठेवून गेलं, कोणी सांडगी मिरची घेऊन गेलं. एक शेजारीण नुसतीच उभी राहून सुनेच्या तक्रारी सांगून गेली. मांजर दोनदा आलं. दुपारचं जेवण होईपर्यंत पुढच्या दाराने कोणीही आलं नव्हतं. त्याचा फोन एकदाच वाजला होता. खळ्यात कोंबडी आली होती.

जेवून झाल्यावर काकी उंबऱ्यावर बसल्या. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "प्रीतम इचारी होतो. मी तुका घराचा तोंड दाखवलंय. चुनो लावन, लुगडा बदलून. म्हटलं, स्वप्ना बघतली तर तिका बरा दिसांदे. आणि माणूस सगळा हय, पाठीमागे."

विनीतने फोन काढून त्यातलं रिकामं खळं बघितलं.

"कॅमेरो हय लाव. चवथीपर्यंत बघ. सगळो पावस बघ. मी कशी उठतंय, कशी बसतंय, कोण येता, कोण जाता. तेव्हाय तुका भय वाटला तर बोचका बांधून मी आपणच येतंय. तुका सांगूची पाळी नाय येवची."

त्याने आईकडे बघितलं आणि प्रीतमला फोन लावला.

मागची बाजू सोपी नव्हती. वर फणसाची दाट सावली, तिथे सोलर भरणार नाही. "ऊन न्हाणयेर आसता," काकी म्हणाल्या, म्हणून कॅमेरा दारावर आणि पॅनेल न्हाणीच्या छपरावर, दक्षिणेकडे तोंड करून, थोडं कलतं, म्हणजे पावसाचं पाणी थांबणार नाही. मधे एक वायर, वळचणीखालून खिळवून नेलेली. चिऱ्याची भिंत भुसभुशीत, पहिला स्क्रू धरेना. प्रीतमने भोक मोठं करून लाकडाची खुंटी ठोकली आणि तिच्यात स्क्रू पिळला. विनीत शिडीवर, काकी खाली शिडी धरून. कॅमेरा हात पोचणार नाही इतका उंच, पण तोंड खाली, आलेल्याचा चेहरा दिसेल असा. शेवटी प्रीतमने फोनच्या पडद्यावर बोटाने एक चौकोन आखला. धुण्याची दोरी आणि फणसाची फांदी चौकोनाबाहेर ठेवली, नाहीतर प्रत्येक वाऱ्याला कल्याणात घंटी.

"आता दिसता?" काकींनी खालून विचारलं.

"दिसता."

"काय दिसता?"

"सगळा."

पाऊस आला. आषाढात सलग अंधारलेले दिवस गेले आणि बॅटरी उतरली. प्रीतमने दाखवून ठेवलं होतं, त्याप्रमाणे अपेक्षाने कॅमेरा काढून ओटीवर फोनसारखा चार्जिंगला लावला आणि परत बसवला. उघडीप मिळाली की काकी काठीला फडकं बांधून हजर. श्रावणात एका भरदुपारी एक अनोळखी माणूस पाणंदीने आत आला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्याला हात घातला. भिंतीतून आवाज आला, "कोण रे तो? हंडो ठेव खाली!" तो माणूस असा पळाला की त्याची एक चप्पल चिखलात राहिली. काकी जेवत होत्या. त्या ताटावरून उठून बाहेर आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "बरो वराडलंस. बापाशीचो आवाज इलो." ती चप्पल त्यांनी कुंपणाच्या खुंटावर अडकवून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. दर वेळी चोर थोडा उंच व्हायचा.

चवथीला विनीत आला, बरोबर स्वप्ना. काकींनी पुढचं खळं सारवलं होतं, पुढचं दार सताड उघडं ठेवलं होतं. स्वप्ना गाडीतून उतरली आणि सरळ घराला वळसा घालून मागे गेली. मासे साफ करायच्या दगडाजवळ उभी राहून म्हणाली, "आई, हा दगड फोनमध्ये मोठा दिसतो." काकी जुन्याच लुगड्यात होत्या. घर बंद करण्याचा विषय त्या पाच दिवसांत कोणी काढला नाही. पुढेही कोणी काढला नाही.

पुढची वर्षं तो कॅमेरा काकींनी आपल्या पद्धतीने वापरला. घराची राखण ठीकच, पण त्यांचा खरा वैताग कावळ्यांचा. पावसाळा सरला की न्हाणीसमोर फळीवर बांगडे सुकत घालायच्या आणि आत जाताना वर सांगून जायच्या. कल्याणात विनीतचा फोन वाजायचा. मग आमच्या वाडीत, कोणी माणूस नसताना, भिंतीतून हाकारा यायचा, आणि कावळे उडायचे. ऑफिसात त्याने साहेबांसमोर एकदा असाच हाकारा घातला होता, हे सांगताना काकींना फार अभिमान वाटायचा. "तेना माका राखूक कॅमेरो लायलो," त्या म्हणायच्या, "मी तेका लायलंय."

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी काकी झोपेतच गेल्या, आपल्या घरात, आपल्या चटईवर. अपेक्षाने कल्याणला फोन केला तेव्हा तिने येऊन जा असं म्हटलं नाही. काय झालं ते नीट सांगितलं. विनीत आला तो मागच्या दाराने.

त्या दुपारचं चित्र त्याच्या फोनमध्ये आहे. काकी दारात येतात. भाताची पेज माडाच्या मुळात ओततात. फळीवरचे बांगडे एकदा उलटे करतात, हात पदराला पुसतात. मग रोजच्यासारखी मान वर करतात.

"विनू, मी जरा आडवी पडतंय. कावळे इले तर हाकल रे."