सूनबाईची निळी पट्टी

घरात किस्से कसे साठतात ते मला उदबत्तीच्या राखेवरून कळतं. रोज देवघर पुसते, तरी दुसऱ्या दिवशी चिमूटभर असतेच! आणि सूनबाई आल्यापासून तर आमच्याकडे राखेपेक्षा किस्सेच जास्त.

सूनबाई म्हणजे माधुरी. पुण्याची, केमिस्ट्रीतली डॉक्टर. कशात काय मिसळलंय ते शोधून काढणं हे तिचं काम. पुण्याच्या लॅबमध्ये ती बरीच वर्षं बायोसेन्सर बनवत होती. मुलाची बँकेत बदली झाली आणि दोघं मोताळ्याला आमच्याकडे आली. तिची नोकरी सुटली, काम सुटलं नाही. दिवसा ती पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या तयार करायची आणि संध्याकाळी मोबाईलवर कॉलेजच्या पोरांना शिकवायची.

पहिल्याच आठवड्यात शेवंताबाई आली. आमच्या शेतात निंदायला, वेचायला येणाऱ्या बायांची ती मुकादम. दंड पुढे करून बसली.

"डॉक्टरीणबाई आली म्हणे. बीपी पाहून दे मनाव."

मी म्हटलं, "शेवंता, ते मानसाची डॉक्टर नाही. पाण्याची हाये."

शेवंता उठता उठता म्हणाली, "मंग पाण्याले काय झालं वं?"

तेव्हा आम्ही खूप हसलो.

*

आमच्या घरात नेटवर्क येतं ते फक्त देवघरात. का, ते माधुरीलाही सांगता आलं नाही. त्यामुळे तिचा ऑनलाइन क्लास देवांच्या शेजारी बसून चालायचा. क्लास आधी, आरती मग, असं आमचं ठरलं होतं.

एकदा क्लास काही संपेना. दिवेलागण टळून चालली. मी दारातून हळूच, अगदी हळूच घंटी वाजवली.

पलीकडून सगळी पोरं एका सुरात "थँक्यू मॅडम!" म्हणाली आणि निघून गेली!

माधुरी फळ्यासारख्या कोऱ्या मोबाईलकडे बघतच राहिली. पुढे अवघड धडा असला की पोरं विचारायची, "मॅडम, आजींची आरती आज लवकर नाही का?"

*

फ्रिजचा वरचा कप्पा नैवेद्याच्या दुधाचा. तिथे एक दिवस मला एक इवलीशी बाटली दिसली.

"आई, ते एन्झाइम आहे. पट्टीला लागतं. थंडच ठेवावं लागतं."

"कशापासून बनवतात?"

माधुरी जरा घुटमळली. खोटं बोलणं तिला जमत नाही. "घोड्याच्या रक्तातून काढतात, आई."

माझा उपवास, हातात दुधाचं पातेलं! मी देवघरात जाऊन बसले. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, घोड्यावर बसलेला. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि परत आले.

"राहू दे तिथंच. देवाचं वाहन आहे. दूध मी खाली ठेवते."

*

उन्हाळ्यात लाइट गेली ती दुपारभर आलीच नाही. संध्याकाळी माधुरी चेहरा पाडून बसली होती.

"आई, सगळं एन्झाइम मेलं."

मी पदराला हात पुसत विचारलं, "मग सुतक किती दिवसांचं?"

"प्रथिनाचं सुतक नसतं हो, आई!" ती रडता रडता हसली. मी तेवढ्यासाठीच विचारलं होतं. म्हणजे, थोडी शंकाही होतीच.

*

आता ही पट्टी कशासाठी, ते सांगते.

बीटी कपाशी नवी आली तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं होतं, फवारणीची कटकट मिटली. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेना. महागाचं बियाणं आणि वर फवाऱ्यांवर फवारे. धामणगाव रस्त्यावर आमचं शेत आहे. बांधाला महादेवाचं लहानसं देऊळ, देवळामागे विहीर. तिथेच फवारणीवाले पंप धुवायचे, तिथलंच पाणी बाया प्यायच्या आणि मी अभिषेकाला न्यायचे. माधुरी आली त्या वर्षी मी सोळा सोमवार धरले होते, तिच्या कामाला यश यावं म्हणून. उद्यापन त्याच विहिरीच्या पाण्याने करीन, असं बोलले होते.

नवं एन्झाइम आल्यावर माधुरीने विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवली. पट्टी पांढरीच राहिली. दुसरी रस्त्यावरच्या हापशीच्या पाण्यात बुडवली, ती निळी झाली.

"आई, विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही."

"पांढरी म्हणजे वाईट कशी गं?"

"एन्झाइम काम करतं तेव्हा निळा रंग येतो. फवाऱ्याचं औषध त्याचा गळा आवळतं. मग रंगच येत नाही. माणसाच्या अंगातही तसंच एन्झाइम असतं."

मला शेवंता आठवली. पाण्याला काय झालं, ते आता कळलं होतं. त्या दिवशी हसू आलं नाही.

*

माधुरीने बायांना पट्ट्या वाटल्या आणि शिकवून आली. दुसऱ्या दिवशी आम्ही शेतात गेलो, तर शेवंता हापशीच्या पाण्याची कळशी बांधावर ओतत होती आणि बाया विहिरीवर घागरी भरत होत्या!

माधुरी धावली. "अहो, हे काय करताय? पांढरी पट्टी वाईट!"

शेवंता शांतपणे म्हणाली, "कशी वं बाई? महादेवानं जहर पेलं तं गळा निळाच झाला ना? हापशीची पट्टी निळी झाली. म्हंजे जहर हापशीत हाये!"

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. माधुरी पुढे सरसावली. "एन्झाइमचं इनहिबिशन झालं की..." असं काहीतरी ती सुरू करणार, तोच मी तिला थांबवलं.

"शेवंता, महादेवानं जहर पेलं, मंग ते जहर कुठी राह्यलं?"

"त्याच्या गळ्यात."

"मंग बाकी पाणी कसं झालं?"

शेवंताने कळशी खाली ठेवली.

मी म्हटलं, "पट्टी निळी, म्हंजे महादेव येऊन गेले. पांढरी, म्हंजे अजून आलेच नाही."

"मंग असं सांग ना माय!" शेवंता माधुरीकडे वळली. "ते इन्झाईम-फिन्झाईम कायले सांगून राह्यली होती तू?"

बायांनी घागरी तिथेच उलट्या केल्या.

माधुरीने हे क्लासमध्ये सांगितलं. परीक्षेत एका पोराने लिहिलं: "महादेव अनुपस्थित. नमुना दूषित." तिने पूर्ण मार्क दिले!

*

राहिला सलीम. त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान, शिवाय फवारणीची कामंही तोच घ्यायचा. सगळ्यात जास्त पंप विहिरीवर धुवायचा तो हाच.

"काकू, इथं नाही धुवू तं कुठी धुवू?"

माधुरी म्हणाली, "पंप धुतलेलं पाणी कपाशीवरच फवारा, सलीमभाऊ. विहिरीत नवं औषध पडलं नाही, तर जुनं हळूहळू जाईल."

"कधीलोक? किती दिवस लागतीन?"

"ते मला नाही सांगता येणार." खोटं तिला जमत नाही, हे सांगितलंच आहे.

सलीम पट्ट्या घेऊन गेला. पंप कपाशीतच धुऊ लागला, इतरांनाही विहिरीवर फिरकू देईना. पट्टी मात्र पांढरी ती पांढरीच.

माझे सोळा सोमवार झाले, उद्यापनाचा सतरावा आला. मी देवळात जाऊन सांगितलं, "देवा, जे पाणी बायांना नाही, ते तुम्हालाही नाही." उद्यापन राहिलं. मी सोमवार सोडले नाहीत. सोळाचे किती झाले, मोजले नाहीत. कपाशीची बोंडं फुटली, वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या.

अशाच एका सोमवारी माधुरीचा क्लास चालू होता. मी दारात घंटी घेऊन उभी. इतक्यात अंगणात सायकल आदळली. सलीम धापा टाकत आत आला. टोपी एका कानावर, दोन्ही हातांत एकेक पट्टी. मोबाईलमधली पोरं ऐकतायत याचंही त्याला भान नव्हतं.

"काकू! घागर घ्या, चला लवकर! दोनदा पाह्यलं मी! महादेव आले!"