वेस्ना पुन्हा नदीपलीकडे गेली

बर्फाच्या दिवसांत आमच्या जिंडबाइन गावच्या पेट्रोल पंपावर गेलात, तर एखाद्या गाडीखाली अर्धी शिरलेली बाई दिसेल. पाय तेवढे बाहेर. तीच वेस्ना युरिच. टायरना साखळ्या बसवते. सिडनीहून चकचकीत गाड्या घेऊन येणारे लोक साखळ्या उलट्यापालट्या लावतात आणि मग रडवेलं तोंड करून हिच्यासमोर उभे राहतात. ती त्यांना एका शब्दाने दुखवत नाही. गाडी वळणाआड गेली की मात्र जे बोलते, ते मी इथे लिहू शकत नाही.

तिचा बाप क्रोएशियातून धरणाच्या बोगद्यात काम करायला आला आणि इथलाच झाला. पोरगी चालायला लागली तशी त्याने तिच्या पायांना स्की बांधल्या. पुढे लग्न झालं. नवऱ्याला थंडी सोसेना. ‘बर्फ की मी?’ असं विचारून तो क्वीन्सलंडला निघून गेला, उत्तर ऐकायलाही थांबला नाही. बरंच झालं म्हणा, उत्तर त्याला आवडलं नसतं.

आमची गुरुवारची टोळी आहे. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना आम्ही माणसांत धरत नाही. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, गथेगा गावाहून झुलत्या पुलावरून नदी ओलांडायची, डोंगर पायांनी चढायचा, माथ्यावर पट्ट्या सोलून काढायच्या आणि घसरत खाली यायचं. संध्याकाळी घरी. टोळीत मी थेल्मा, पूर्वीची गावची नर्स. नॉबी प्लंबर, जो वर्षात फार तर चार वाक्यं बोलतो. आणि डेस मक्लिंटॉक, आमचा पुढारी. त्याला कुणी निवडलेलं नाही, तो आपला आहेच. कुठे जायचं तो ठरवणार, वाट तो फोडणार, माथ्यावर थांबायचं किती तेही तोच सांगणार. पूर्वी वेस्नाही होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांहून चांगली होती.

मग तिचा गुडघा गेला. कॅनबेऱ्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगितलं, “स्की विसरा. एक पाय इकडे, एक तिकडे, गुडघ्याला पीळ बसला की संपलं.” तो सबंध हिवाळा दर गुरुवारी पहाटे आम्ही पंपावर थांबायचो आणि ती आमच्या गाडीत पेट्रोल भरायची. टपावरच्या स्कींकडे मान वर करून बघायची नाही. मी काच खाली करून काहीबाही बोलायची, ती हं हं करायची. मला ते पाहवत नसे. एकदा मी डेसला म्हटलंसुद्धा, दुसऱ्या पंपावर जाऊ या.

पण बाई स्वस्थ बसणारी नव्हती. पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरला विचारलं, “आणि दोन्ही पाय एकाच फळीला बांधले तर?” त्याला वाटलं गंमत करतेय. म्हणाला, मग पीळ कमी बसेल. झालं! पन्नाशी उलटलेली ही बाई लहान पोरांच्या उतारावर स्नोबोर्ड शिकायला गेली. पोरं तिच्या बाजूने सुळकन जायची आणि ही बुडावर आदळायची. तिचं मागचं अंग त्या दिवसांत कसं निळंकाळं झालं होतं ते मी पाहिलंय, मलम मीच लावायची. शिकली मात्र. मग तिने कुणाचा तरी वापरलेला स्प्लिटबोर्ड घेतला. तो मधोमध उघडतो. दोन अर्धुकं स्कीसारखी पायांत घालून डोंगर चढायचा, माथ्यावर ती जोडायची आणि एका फळीवर आडवं उभं राहून उतरायचं. चढताना पाय सरळच पडतात, गुडघ्याला पीळ नाही.

एका गुरुवारी डेस पंपावर उतरला तेव्हा ती नळी हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“मी येते पुढच्या गुरुवारी.”

“कशावर? त्या इस्त्रीच्या फळीवर?”

“हो, त्याच्यावरच.”

“हे बघ वेस्ना, तुझ्याबद्दल काही नाही. पण बोर्डवाले माथ्यावर बसून तासभर खुटखुट करतात. हा स्क्रू, तो पट्टा. आम्ही काय तोवर गारठून मरायचं?”

“एक गुरुवार दे मला. एकच.”

मी मागून ओरडले, “दे ना रे, काय मेली खडूसगिरी!”

डेसने टोपी डोक्यावर मागेपुढे केली. “ठीक आहे. एकच. पण माथ्यावर तुझ्यासाठी एकदा जरी थांबावं लागलं, तरी पुन्हा नाव काढायचं नाही. थांबायला लावेल तो बाहेर. कबूल?”

“कबूल.”

आठवडाभर तिने पंपाच्या मागच्या शेडमध्ये तो बोर्ड जोडला आणि उघडला. हातमोजे नळाखाली भिजवून. डोळे मिटून. तिच्या मालकाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मी विचारलं, “एवढं कशाला जिवाला लावून घेतेस? आपण दोघी जाऊ की एखाद्या रविवारी.” तर माझ्यावरच खेकसली, “रविवारी फिरायला मला शंभर जण मिळतील, थेल. मला माझी माणसं हवीत आणि माझा डोंगर हवा. नाहीतर मी तुमच्या गाडीत पेट्रोल भरतच म्हातारी होणार.”

सप्टेंबरच्या सुरुवातीचा गुरुवार होता, म्हणजे आमच्याकडचा सरता हिवाळा. ऊन लख्ख, वारा बोचरा. डेसने मुद्दाम ट्वायनमचा डोंगर निवडला, म्हणजे माथ्यावरून पलीकडची पश्चिम बाजू उतरायची आणि तीच पुन्हा चढून परत यायचं. त्या बाजूला सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो. ऊन फिरून तिकडे गेलं की वरचा थर मऊ होतो, आणि तेव्हाच उतरायचं असतं.

पूल ओलांडला आणि तिरकी चढण लागली तिथे वेस्नाचं पहिलं घोडं अडलं. रात्रीचा बर्फ घट्ट गोठलेला. आमच्या स्कींच्या कडा त्यात धरत होत्या, तिची रुंद अर्धुकं धरेनात. एकदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली ती थेट खालच्या झाडाच्या बुंध्यावर जाऊन अडली. डेसने मागे वळूनही पाहिलं नाही. नुसतं ओरडला, “थांबायचं नाही हं आपलं!” असा राग आला मला! काठीच घालणार होते त्याच्या पाठीत.

मी खाली बघितलं तर वेस्ना दोन्ही अर्धुकं काढून पाठीवर बांधत होती. बुटांना काट्यांच्या पट्ट्या अडकवल्या आणि आम्ही नागमोडी जात होतो तिथे ती नाकासमोर सरळ वर निघाली. माझ्याजवळून गेली तेव्हा इंजिनासारखी धापा टाकत होती. माझी नजर साहजिकच तिच्या पायाकडे गेली.

“गुडघ्याकडे बघू नकोस, वाटेकडे बघ,” ती म्हणाली.

माथ्यावर आम्ही चौघं जवळजवळ एकदमच पोहोचलो. आता खरी परीक्षा. वारा असा की उभं राहवेना. मला तिच्याहून जास्त घाई झाली, जसं काही मलाच बाहेर काढणार होते. मी पट्ट्या सोलता सोलता एक डोळा तिच्यावर ठेवून होते. ती गुडघ्यांवर बसली, अर्धुकं एकमेकांना लावली, खटक, खटक, पायांचे पट्टे आडवे फिरवून सरकवले, पट्ट्या घडी करून जॅकेटच्या आत कोंबल्या. माझी एक स्की अजून बाकी होती तेवढ्यात ती फळीवर मांडी घालून बसली आणि तिने आपल्या बाटलीतून काळीकुट्ट कॉफी ओतून घेतली.

“झालं?” मी विचारलं.

“कधीच,” ती म्हणाली.

मग मी तयार झाले. नॉबी तयार झाला. आणि डेस? डेस वाकून आपल्या डाव्या स्कीवर गुद्दे मारत होता. टाच अडकवायच्या खाचेत बर्फ घट्ट बसला होता, टाच काही बसेना. त्याने काठी मारली. शिव्या घातल्या. मग रागाच्या भरात त्याने थर्मास काढला.

“डेस, चहा ओतू नकोस,” वेस्ना म्हणाली. “गोठेल.”

“मला शिकवू नकोस. तू बोर्ड सांभाळ.”

आणि ओतला! वाफ निघाली, बर्फ जरा वितळला, डेसने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं, आणि त्या वाऱ्यात तो चहा जागच्या जागी गोठून तांबूस काच झाला. दुधासाखरेसकट. आधी नुसती खाच भरली होती, आता सगळा सांगाडा जाम. मी तोंडावर हातमोजा दाबून धरला, पण हसू कसलं आवरतंय! पुढारी गुडघ्यांवर बसून चाकूने आपलाच चहा खरवडतोय आणि बोर्डवाली बाई शेजारी बसून कॉफी पितेय. आम्ही थांबलो. गारठलो. पाय आपटत बसलो.

शेवटी टाच बसली. पण तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आला आणि ऊन झाकलं. मऊ झालेल्या बर्फावर बघता बघता पापुद्रा धरला. स्कीवाल्यांच्या नशिबी याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. पाय ठेवला की पापुद्रा फुटतो, स्की आत घुसते, ती काही वळत नाही आणि माणूस तोंडावर आपटतो.

डेसने काठी टोचून पाहिली. “गेली पश्चिम बाजू. आल्या वाटेने परत.”

वेस्ना उभी राहिली. “मी जाते.”

“वेडी आहेस का? पापुद्रा आहे!”

“दिसतोय मला. किती दिवसांनी इथवर आलेय, डेस. तुझ्या चहापायी परत फिरू?”

डेसने तोंड उघडलं, पण बोलला नॉबी. “जाऊ दे तिला.” त्या वर्षातलं त्याचं बहुधा दुसरं वाक्य.

आणि ती गेली. पहिल्या वळणाला पापुद्रा फुटल्याचा आवाज आला, पण फळी बुडाली नाही. रुंद आहे ना ती, दोन्ही पाय एकावरच, सगळा भार सारखा पडतो. दुसरं वळण. तिसरं. तुटलेले तुकडे तिच्या मागून खळखळत खाली चालले होते. मग ती पाण्यातल्या होडीसारखी लांबलचक वळणं घेत निघाली आणि पार खाली जाऊन थांबली. हात वर केले आणि आपल्या बापाच्या भाषेत अशी काही आरोळी ठोकली की मला एक अक्षर कळलं नाही, तरी डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे म्हणा. नाही, वाऱ्यामुळे नव्हे. आनंद झाला होता मला, उगाच खोटं कशाला बोलू?

तिच्या फळीने बर्फ दाबून रुंद चर पाडला होता. मी आणि नॉबी मुकाट्याने त्या चरातून उतरलो, एकदाही न पडता. डेस कसला ऐकतो! “दुसऱ्याच्या चरातून मी उतरत नाही,” म्हणून बाजूने निघाला. पहिल्याच वळणाला स्की आत, डेस बाहेर. उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा कमरेपर्यंत रुतला आणि एक स्की निसटली. ती धरून तो रांगत रांगत वेस्नाच्या चरात आला आणि उरलेला उतार त्यातूनच खाली उतरला. दाढीत बर्फ, कानात बर्फ.

“काय म्हणतोय पापुद्रा?” वेस्नाने विचारलं.

“गप बस,” डेस म्हणाला.

मी मात्र गप्प बसले नाही. इतकी वर्षं त्याचं ऐकून घेतलंय मी. “डेस, माथ्यावर थांबायला लावेल तो बाहेर, असं कोण म्हणालं होतं रे?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर घाबरली असती.

आता तीच बाजू पुन्हा चढायची होती. वेस्नाने बोर्ड उघडला, पट्ट्या चिकटवल्या, आणि आम्ही अजून वाकलेलोच असताना पुढे उभी राहिली. पुढच्याने पापुद्रा फोडत जायचं, मागच्यांनी त्या वाटेने. ती जागा डेसची. पण पडून पडून त्याचे पाय थरथरत होते, ते मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. ती नुसती निघाली. डेस क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग तिच्या मागून चालू लागला. वर पोहोचेपर्यंत त्याने एकदाही पुढे जायचा प्रयत्न केला नाही. वेस्ना मात्र दर वळणावर थांबून मागे पाहत होती, सगळे आहेत ना म्हणून.

माथ्यावर ऊन पुन्हा पडलं होतं. वेस्नाने गुडघा चोळला, तिच्या बाटलीतली उरलेली कॉफी झाकणात ओतली आणि डेसच्या हातात दिली. त्याने ती घेतली. कडू लागली असणार, पण सगळी प्यायला. मग झाकण परत देताना खाली बघत म्हणाला, “पुढच्या गुरुवारी कुठे जायचं?”

मी आणि नॉबी एकमेकांकडे बघत राहिलो. हा प्रश्न डेसच्या तोंडून आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

वेस्ना बोर्ड जोडत होती. “गुरुवारी मला जमायचं नाही. बर्फ पडणार आहे, पंपावर साखळ्यांना गर्दी होईल. शुक्रवारी जाऊ.”

“अगं, पण आपण गुरुवारीच…” डेस बोलता बोलता थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. नॉबी स्कीचा पट्टा आवळायला लागला.

“बरं,” डेस म्हणाला. “शुक्रवार.”