पेशकारसाहेबांची मराठी

मराठी बोलण्यासाठी आमच्या पेशकारसाहेबांइतका भांडलेला दुसरा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि मौज अशी की त्यांची भाषा मराठी नव्हती. घर बीदरकडचं, शिक्षण उर्दूतलं, नोकरी उमरग्याच्या तहसिलीत तहसीलदारांपुढे कागद मांडण्याची. तीस वर्षं त्यांनी उर्दूत कागद मांडले. अक्षर असं की जुने वकील काम नसतानाही ते बघायला वाकायचे. मग निजामाचं राज्य गेलं, पुढे आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि कचेरीचा कारभार मराठीत करायचा हुकूम निघाला. जुन्या नोकरांनी मराठीची लेखी आणि तोंडी परीक्षा द्यायची. पन्नाशी उलटलेल्यांना सूट मागता येई, पण सूट घेतलेल्याची रवानगी थेट दप्तरखान्यात, जुन्या उर्दू बस्त्यांच्या सोबतीला. पगार तोच, फक्त दिवसभरात माणसाचं तोंड दिसायचं नाही. आणि पेशकारसाहेब हा असा गृहस्थ की समोर चार माणसं बसली नाहीत तर त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे.

तहसीलदार भला माणूस होता. त्यानं त्यांना बोलावून समजावलं, या वयात कशाला त्रास, सूट कसली, सुटकेचाच अर्ज आहे असं समजा आणि देऊन टाका. पेशकारसाहेबांनी अदबीनं विचारलं, अर्ज कोणत्या भाषेत द्यायचा? अर्थात मराठीत, तहसीलदार म्हणाले. तेवढी मराठी आली तर मग सूट कशाला घ्यायची, असं म्हणून साहेब बाहेर आले ते माझ्या टेबलापाशी. मी पुण्याकडून नुकताच आलेला बाविशीतला कारकून. माझ्या वडिलांपेक्षा मोठा हा माणूस त्या दिवसापासून मला ‘उस्ताद’ म्हणू लागला आणि माझं सुख संपलं.

मी त्यांना पहिलीचं पुस्तक आणून दिलं. चौथ्या दिवशी ते परत आलं. यातली माणसं बागेत फुलं बघतात, फुलं बघणारा माणूस कचेरीत कशाला येईल, असा त्यांचा सवाल होता. लिहायला बसले की आधी उजवीकडून डावीकडे एक लांबलचक रेघ ओढून घेत आणि मग डावीकडून तिला अक्षरं टांगत येत. अक्षरं संपली तरी रेघ उरायची, तेव्हा ती वाया जाऊ नये म्हणून पुढे एखादा जादा शब्द घालत. माझ्या शुद्ध मराठीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तुमची मराठी इस्त्रीची आहे, मला रोजच्या वापरातली हवी, असं ते तोंडावर सांगत. मला राग यायचा, पण ते खोटं बोलत नव्हते.

खरी अडचण वयाची नव्हती, स्मरणशक्तीचीही नव्हती. अडचण होती ती लोकांच्या सभ्यतेची. शेरवानी आणि टोपी दिसली की समोरचा माणूस आपली मराठी खिशात घालून उर्दू बाहेर काढायचा. निजामाच्या अमदानीत कचेरीत मराठी बोलणं म्हणजे जोडे घालून देवळात शिरण्यासारखं, त्यामुळे गावोगावच्या पाटलांनी दोन-चार उर्दू वाक्यं घोटून ठेवलेली असत. पेशकारसाहेबांनी एके दिवशी जाहीर केलं की यापुढे मराठीत सांगितल्याशिवाय कुणाचं गाऱ्हाणं ऐकणार नाही. दुसऱ्याच दिवशी लोहाऱ्याकडच्या एका गावचे म्हातारे पाटील आले. त्यांना वाटलं, हा सापळा आहे. मराठीत बोललो की प्रकरण कच्चं पडणार. “हुजूर, बाजूवाला मेरा बांध फोड डाल्या,” असं ते म्हणत आणि साहेब म्हणत, “बांध कोन फोडला? मराठीत सांगा.” उन्हं वर चढली तरी पाटील मोडकी उर्दू सोडीनात आणि पेशकार मोडकी मराठी सोडीनात. कचेरीतली सगळी कामं थांबली. शेवटी पाटील इतके भडकले की त्यांनी शेजाऱ्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार अस्सल मराठीत केला. पेशकारसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पाटलांना चहा मागवला, सगळ्या शिव्या वहीत उतरवून घेतल्या आणि संध्याकाळी त्यांचा अर्थ मला विचारला. मी काही सांगितला नाही.

बाजाराच्या दिवशी तर ते मुद्दाम गर्दीत जात. हैदराबाद रस्त्यावर ट्रक थांबलेले, दोन्ही बाजूंना भाजीवाल्या, आणि मधोमध शेरवानीतले साहेब वांग्याला ‘ती’ आणि मेथीला ‘तो’ म्हणत उभे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला तिथून पळून जावंसं वाटे. एकदा म्हटलंही की लोक हसतात, निदान बाजारात तरी नको. त्यांनी मला बाजूला घेतलं. “हसू द्या, उस्ताद. हसनारा मानूस थांबतो. थांबला की बोलतो. मला तेच पायजे.”

घरी मात्र त्यांची जिरली. उद्यापासून या घरात मराठीच, असा हुकूम त्यांनी सोडला, आणि तीस वर्षं पडद्यात राहिलेल्या त्यांच्या बायको, आमच्या चाची, चुलीपुढून खणखणीत मराठीत म्हणाल्या, “बरं झालं बया, सुचलं एकदाचं.” शेजारच्या तेलिणीशी मधल्या भिंतीवरून रोज बोलून बोलून त्यांची जीभ केव्हाच तयार झाली होती. आपल्याच घरात मराठी नांदते आहे हे साहेबांच्या गावीही नव्हतं. दोन दिवस ते रुसून बसले. तिसऱ्या दिवशी चाचींचे शागीर्द झाले. ही उस्ताद माझ्यासारखी मवाळ नव्हती. वाक्य सरळ आल्याशिवाय ताटात भाकरी पडत नसे, आणि त्या पावसाळ्यात साहेब बरेच रोडावले.

लेखी परीक्षेत ते पहिल्यांदा नापास झाले. तहसीलदारांनी आता सूट मागण्याचा कोरा फॉर्मच पुढे केला. साहेबांनी तो घेतला, त्याच्या पाठीवर शुद्धलेखनाचा सराव केला आणि मला तपासायला दिला. दुसऱ्या खेपेस लेखी कसंबसं निघालं आणि तोंडी परीक्षेला आम्ही दोघं एसटीनं उस्मानाबादला गेलो. परीक्षक देशावरचे, वयस्कर, सज्जन. दार उघडं होतं म्हणून मला बाहेरून सगळं ऐकू आलं. टोपी बघून परीक्षकांनी मोठ्या प्रेमानं उर्दूतच सुरुवात केली, आइये, तशरीफ़ रखिये. पेशकारसाहेब उभेच राहिले.

“सायेब, परीक्षा मराठीची हाय. तुमी मराठीत इचारा.”

परीक्षक चपापले. मग त्यांनी मराठीत विचारलं की तुम्हाला सूट मिळत असताना एवढा हट्ट कशासाठी. बाहेर मी मनातल्या मनात त्यांना शब्द पुरवत होतो. त्यांना माझ्या एकाही शब्दाची गरज पडली नाही.

“माझ्याम्होरं मानूस येतो, तवा भ्यालेला असतो. त्यो माझ्या भाषेत बोलायचा, जेवढी येती तेवढीच. बाकीचं तसंच घरी घिऊन जायचा. तीस वर्सं म्या अर्धंच ऐकलं, सायेब. आता पुरं ऐकायचं हाय.”

परीक्षकांनी कागद ओढून गुण मांडले. पेशकारसाहेब पास झाले, आणि रिटायर होईपर्यंत त्याच टेबलावर, त्याच गर्दीत बसले. शेवटी शेवटी तर लोक त्यांच्याशी इतकं बोलत की निकालाला उशीर होतो अशी तक्रार गेली.

माझी बदली दूरच्या तालुक्याला झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. आत सात ओळी, सुंदर अक्षरात, उर्दूमध्ये. त्यांनी मला कितीदा तरी म्हटलं होतं की उस्ताद, आता तुम्ही शिका, मी शिकवतो. आणि मी दर वेळी म्हणालो होतो, उद्या. “कुनाकडनं वाचून घ्यायचं न्हाय,” एवढंच ते त्या दिवशी म्हणाले. एसटी सुटेपर्यंत उभे राहिले.

ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं. दोन वर्षं शेजारी बसून मी त्यांच्या चुका काढल्या आणि त्यांच्या भाषेतलं एक अक्षर शिकलो नाही, याची आता लाज वाटते. बायको म्हणते, नाक्यावरच्या शिंप्याला उर्दू येते, त्याला कागद दाखवा, दोन मिनिटांत वाचून देईल. मी तिला सांगितलं आहे की त्याचं नाव काढायचं नाही. मीही आता पन्नाशी उलटलेला आहे, डोळे अधू झालेत, आणि नातेवाईक हसतात. रोज सकाळी पाटी घेऊन बसतो. पहिली ओळ जवळजवळ लागली आहे. सहा उरल्यात.