बुधवारची रेघ, शनिवारची रेघ

तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, निम्म्या गावासमोर मोठ्यानं म्हणाले, “ह्यो काय टिकतोय तिथं. सा म्हैन्यात माघारी येतंय बघा.” लोक हसले. मीही हसलो.

त्र्याऐंशी सालची ही गोष्ट. माझी बायको शालन मिरजेला नर्सिंग शिकलेली. तिला कार्डिफच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागून वर्ष झालं होतं, आणि दहा वर्षांच्या अविनाशला घेऊन मी तिच्याकडे निघालो होतो. बायकोच्या मागनं परदेशी जाणारा गडी आमच्या भागात तोवर कुणी बघितला नव्हता. टोमणे पुष्कळ झाले. तिकडं धुणी वाळत घालायला माणूस लागत असंल, असंही एकजण बोलला. आबांनी सगळ्यांच्या आधी स्वतःच मला नावं ठेवली, मग दुसऱ्याला ठेवायला काही उरलं नाही. गाडी हलली तसे ते खिडकीच्या गजाला धरून स्टँडच्या दारापर्यंत चालत आले. तिथं हात सोडताना एवढंच म्हणाले, “थंडीत कान झाकत जा.”

तुम्ही गावाकडचे आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. पण माझ्यासारखे जे इकडं आले आणि ज्यांची पोरं इकडंच वाढली, त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडं बाप चारचौघांत पोराचं कौतुक करत नाही. साखर कारखान्याच्या कबड्डी संघातनं माझी जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तेव्हा कारखान्याचे मोठे साहेब घरी आले होते. पोरगं नाव काढणार म्हणाले. आबा म्हणाले, “कसला खेळतोय. म्हशीमागं पळून पाय घट झाल्यात, एवढंच.” साहेब हसले आणि पोह्यांची बशी पुढं ओढली. त्यांना जे कळायचं ते कळलं. आई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “काल दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी.” आबांनी मला दिलेली शाबासकी ती एवढी. मला ती आयुष्यभर पुरली.

कार्डिफला पहिली दोन वर्षं शालनच्याच हॉस्पिटलात ट्रॉल्या ढकलल्या. मी चौथी शिकलेला माणूस. फॉर्म भरायचा झाला की शालन भरायची आणि मी खाली सही करायचो. मग शहराच्या कडेला एका कॉलेजात ग्राऊंड्समनची जागा निघाली. मुलाखतीला साहेबानं विचारलं, गवताचा अनुभव काय. म्हटलं, जन्मापासनं. तो हसला, पण जागा दिली. तिकडं सगळा जीव रग्बीवर. रग्बीचं मैदान म्हणजे लाडकं लेकरू आणि फुटबॉलचं पिच सावत्र. मी त्या सावत्राला जपलं. माझ्या पिचवर चेंडू कधी वेडावाकडा उसळला नाही. हे माझं मी सांगतोय, कारण सांगणारं दुसरं कुणी नाही.

एकोणनव्वदच्या जानेवारीत आबा गेले. तार नाही, फोन आला. शालननं उचलला. मला रजा आणि विमान जुळून गावी पोचायला सहावा दिवस उजाडला. तोवर राख सावडून झाली होती. एवढंच लिहितो, जास्त लिहवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. अविनाश खेळाचं शिकला आणि पंच्याण्णव साली त्याच कॉलेजात शिकवायला लागला. वर्षाचं काँट्रॅक्ट, आणि फुटबॉल टीमचा कोच. बाप गवत राखणार आणि लेक त्याच गवतावर पोरं घडवणार. शालननं दत्ताला नारळ फोडला, धूप लावला आणि खिडकीतनं धूर बाहेर जायच्या आधी स्मोक अलार्म वाजला.

टीम मात्र हरायला लागली. पुढचे गोल करायचे, नाही असं नाही, पण मागं चाळण झाली होती. दोन केले की चार खायचे. नाताळपर्यंत सगळ्या कॉलेजात एकच विषय, चूक कुणाची? कोचची, की पोरांच्या कोवळेपणाची? मागचे चौघेही पहिल्या वर्षाचे, सतरा वर्षांचे. आमच्या टी-ब्रेकला शेडमध्ये केटल तापेपर्यंत ह्यावर दोन तट पडायचे. प्लंबर म्हणायचा पोरं हिरवी आहेत, म्हणजे कच्ची. इलेक्ट्रिशियन म्हणायचा, हिरवी असतात म्हणूनच तर कोचला पगार देतात. मी आहे म्हणून दोघेही हळू बोलायचे, त्याचा मला जास्त राग यायचा.

घरी मात्र मी अविनाशशी भांडायचो. मी कबड्डीत आठ वर्षं डावा कोपरा खेळलेला माणूस. बचाव काय असतो हे मला कुणी सांगायचं कारण नाही. त्याची पद्धत अशी होती, मागच्या चौघांनी एका रेषेत राहायचं आणि खूण झाली की चौघांनीही एकदम पुढं सरकायचं. मग समोरच्यांचा पुढं घुसलेला खेळाडू ऑफसाइड सापडतो. पण चारांतला एक जरी घाबरून मागं राहिला, तर तोच खेळाडू मोकळा सुटतो आणि गोल होतो. मी म्हणायचो, पोरांना झेपत नाही ते शिकवतोस कशाला? तो म्हणायचा, “बाबा, शिकवण बरोबर आहे. पोरं नवीन आहेत. एक वर्ष दिला पाहिजे.” दहाव्या वर्षी आलेला, त्यामुळं त्याचं मराठी टिकलं होतं, पण कुठं दिला आणि कुठं दिलं हे मोडायला लागलं होतं. मी म्हणायचो, कारणं सांगू नकोस. शालन दोघांच्या मधे आमटी ठेवायची.

आणि मग गवतानं मला खोटं पाडलं. पोरं बुधवारी सराव करायची. गुरुवारी सकाळी मी पिचवर गेलो की बुटांच्या स्टडच्या खुणा दिसायच्या. गोलपासनं वीसेक पावलांवर चार ठिकाणची माती उकरलेली, चारही एका रेषेत, आणि जोर पुढच्या बाजूला लावलेला. दोरी लावून आखल्यासारखी रेघ. रविवारी सकाळी शनिवारच्या मॅचच्या खुणा बघायचो. तीन पुढं, आणि एकाची लांब घसरलेली खूण आपल्याच गोलकडं. दर आठवड्याला तसंच. कधी डावीकडचा, कधी उजवीकडचा.

ती घसरलेली खूण मी ओळखली. आमच्या साखळीत नवा गडी असला की चढाईवाला अंगावर येताच तो हात सोडून मागं पळायचा. सरावात कधी सोडायचा नाही. मॅचला लोक ओरडायला लागले की सोडायचा. मीही पहिल्या वर्षी सोडलाय. त्याला उपाय एकच, पुढच्या वर्षीही त्यालाच उभं करायचं. म्हणजे बुधवारची रेघ कोचची होती आणि शनिवारची पोरांच्या भीतीची. अविनाश बरोबर होता. हे मला जानेवारी संपायच्या आत कळलं होतं.

मी त्याला सांगितलं का? नाही सांगितलं. इतके दिवस भांडल्यावर तू बरोबर म्हणायला माझी जीभ वळली नाही. म्हटलं, त्याला कळेलच.

फेब्रुवारीत खेळ विभागाचे मुख्य, ह्यूज साहेब, माझ्या शेडमध्ये आले. माणूस भला. रोलरवर बसले, चहा घेतला. म्हणाले, तुझा मुलगा मेहनती आहे, पोरांना आवडतो. मग म्हणाले, “तू स्वतः खेळलेला आहेस, रोज हे मैदान बघतोस. मला खरं सांग. कोच कमी पडतोय की पोरं?”

आता बघा. त्यांनी माझ्या तोंडावर माझ्या मुलाची तारीफ केली होती. आणि मी, माझ्या बापाचा मुलगा, हसलो आणि म्हणालो, “पोरं चांगली आहेत, साहेब. आमच्या अविनाशलाच अजून पुष्कळ शिकायचंय. त्याला कुठं काय येतं.”

मला वाटलं ते हसतील, म्हणतील असं कसं, आणि बिस्किट घेतील. ते हसले नाहीत. मान हलवली, खरं बोलल्याबद्दल माझे आभार मानले, कप विसळून ठेवला आणि गेले. आणि मी त्या दिवशी संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मार्चमध्ये अविनाशला बोलावून सांगितलं की काँट्रॅक्ट पुढं चालणार नाही. घरी आला तो बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. मी बटाटे सोलत होतो.

“बाबा, तुम्ही ह्यूजला सांगितला की प्रॉब्लेम माझा आहे?”

मी म्हटलं, तसं नाही, बोलण्याची पद्धत असते एक.

“मीटिंगमध्ये तो बोलला, इव्हन हिज फादर सेज सो. सगळ्यांच्या समोर.”

“आपल्याच पोराची तारीफ कुठला बाप करतो?” मी म्हणालो.

“इथले सगळे करतात,” तो म्हणाला. तेवढंच म्हणाला आणि वर गेला.

शालन दारात उभी होती. ती मला कधी लागेल असं बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “तुम्हाला मामंजी कळायचे. ह्याला तुम्ही कळत नाही. कळणार तरी कसं, त्याच्यापाशी ना गाव ना आजी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यूज साहेबांच्या दारात जाऊन बसलो. आयुष्यात कुणाच्या दारात बसलो नव्हतो. ते आले तसं त्यांना म्हटलं, मी बोललो ते चूक होतं, माझ्याबरोबर पिचवर चला, मी दाखवतो. ते आले बिचारे, ऑफिसच्या बुटांवर. वाटेत मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना बुधवार आणि शनिवार समजावत होतो. आणि पिचवर पोचलो तर काहीच नव्हतं. दर रविवारी मी खुणा बघतो, आणि मग काय करतो? काट्यानं माती उचलतो, बी टाकतो, रोलर फिरवतो. आणि बुधवारचा सराव पावसानं आत हॉलमध्ये झाला होता. सगळं पिच गालिच्यासारखं सपाट. इतकी वर्षं ज्याचा मला गर्व होता ते काम मी चोख केलं होतं. साहेब म्हणाले, ग्राऊंड सुंदर राखलंयस. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बापाला असं वाटणारच, पण पत्र गेलंय आता. त्यांना आदल्या महिन्याचा बाप खरा वाटला आणि आजचा बाप लेकासाठी रदबदली करणारा.

अविनाशला उन्हाळ्यात एडिनबराला नोकरी मिळाली. कार्डिफच्या स्टेशनवर तो आईच्या पाया पडला, माझ्याही पडला. गाडीत चढल्यावर मला काहीतरी बोलायचं होतं. थंडीत कान झाक, एवढंच तोंडातनं आलं. जुलै महिना होता.

पुढच्या वर्षी तीच चार पोरं, आता दुसऱ्या वर्षाची, नव्या कोचच्या हाताखाली उभी राहिली. रविवारी सकाळी मी पिचवर गेलो. शनिवारच्या खुणा, चार, एका रेषेत, जोर पुढं. सबंध सीझन तसंच. बघा, चांगला कोच आला की काय फरक पडतो, असं शेडमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणाला. मी केटल भरून ठेवली. त्यानंतरच्या रविवारी रोलर फिरवायला मात्र हात उचलत नव्हता. दुपारपर्यंत खुणा तशाच ठेवल्या. मग बुजवल्या, काम ते काम.

फोन रविवारी यायचा. तो शालनशी बोलायचा, मग मला विचारायचा, ग्राऊंड कसं आहे. मी म्हणायचो, ओलं. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी शालननंच एडिनबराची तिकिटं काढली. अठ्ठ्याण्णवचा ऑक्टोबर होता. दिवसभराचा प्रवास, डब्यात दशम्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉलेजची मॅच होती. वाऱ्यानं डोळ्यांतनं पाणी येत होतं. इथंही पोरं पहिल्या वर्षाची, इथंही तसंच. मध्यंतरापर्यंत तीन गोल खाल्ले. माझ्या शेजारी कुणा खेळाडूचा बाप उभा होता. तो पुटपुटत होता की ह्या कोचला डिफेन्स शिकवता येत नाही. अविनाश आमच्यापुढं चार पावलांवर, पाठमोरा.

मी त्या माणसाला म्हणालो, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “कोच चांगला आहे. फार चांगला आहे. पोरं नवीन आहेत, त्यांना एक वर्ष द्या. मी ह्याची रेघ बघितलीय. आणि तो माझा मुलगा आहे.”

इंग्रजीत बोललो. माझं इंग्रजी जसं आहे तसं. बोलताना कान तापले, चारचौघांत अंगरखा काढल्यासारखं वाटलं. शालन माझ्याकडं बघतच राहिली.

अविनाश वळला नाही. मॅच संपली, पाच-एक हरले. मग तो आमच्याकडं आला, त्या माणसाशी हात मिळवला, आणि माझ्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढत त्याला म्हणाला, “ह्यांचं काही ऐकू नका. कबड्डीवाला माणूस आहे. फुटबॉलमधलं ह्यांना काहीच कळत नाही.”

तो माणूस गोंधळला. मला उत्तर द्यावं की अविनाशला, त्याला कळेना. शालन पदराआड हसत होती.

लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं, गावचं की कार्डिफचं? गावच्या घरी भावाचा संसार आहे, कार्डिफचं घर आम्हा दोघांना मोठं पडतं. पासष्टी झाली, गुडघे बोलतात, ग्राऊंडचं काम सुटलं. मला ह्याचं उत्तर नीट येत नाही. पण त्या वाऱ्यात, पाच गोल खाल्लेल्या त्या परक्या मैदानाच्या कडेला, माझ्या पोरानं मला परक्या माणसापुढं नावं ठेवली, तेव्हा मी एस.टी.च्या खिडकीत बसलेलो होतो आणि आबा गजाला धरून चालत होते.

त्या संध्याकाळी अविनाशच्या घरी मी किती पोळ्या खाल्ल्या ते शालनला विचारा.